खणखणीत आणि बद्द

तुमच्या सोसायटीतही ते असणारच. राडारोड्याचं पहिलं पोतं जिन्यात टेकायचा अवकाश, की चपला फटफटवत खाली येतात आणि उघड्या दारातून विचारतात, ‘‘ओटा फोडताय? कुणाला विचारलंत?’’ आमच्याकडे हे पद बी-सातवाले काका भूषवतात. बँकेतून निवृत्त. आयुष्यात एकदाच स्वतःचं स्वयंपाकघर नवं करून घेतलं आणि तेवढ्या भांडवलावर अख्ख्या इमारतीतल्या ओट्यांचा कारभार हाती घेतला.

काकांच्या सदऱ्याच्या खिशात एक जुना, जाड रुपया असतो. बसवलेल्या फरशीच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये तो टकटक वाजवायचा. आवाज खणखणीत आला तर फरशी पास. बद्द आला तर खाली माल नीट भरलेला नाही, पोकळी राहिली आहे. उद्या वरून बत्ता पडला की तडा ठरलेला. यात तथ्य आहे, हीच तर पंचाईत. निव्वळ बडबड करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावता येतं. हे बरोबर असतात.

शिवाय रुपया फरशीवर थांबेल तर शपथ. सत्यनारायणाला गेले तर आरती चालू असताना यजमानांचा हॉल वाजवून झाला. भाजीवाल्याचं कलिंगड, माझं हेल्मेट, पुतण्याच्या लग्नात आहेर आलेला कुकर, सगळं वाजवून झालं. एकदा खोकला झाला म्हणून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टकटक केलं, तेव्हा काका प्रसन्न झाले. ‘‘पद्धत बरोबर आहे,’’ म्हणाले, ‘‘पण बोटानं काय कळणार? हा रुपया घ्या.’’

आम्ही स्वयंपाकघर नवं करायला काढलं तेव्हा फरशीवाला मिस्त्री पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाला, ‘‘काका, सिमेंट ओलं हाय. त्याला बी जरा दम खाऊ द्या.’’ मग काका सुताराकडे वळले. प्लायवूडच्या प्रत्येक शीटवरचा शिक्का चष्मा वर करून वाचायचा. सिंकखाली आयएस ७१० लागतं, ते पाण्याला टिकतं. आयएस ३०३ दिसलं की परत पाठवायचं. सुताराने दबक्या आवाजात मला विचारलं, ‘‘साहेब आधी आरटीओत होते का?’’ दगडाच्या दुकानात त्यांनी खिशातून लिंबू काढलं आणि काळ्या तुकड्यावर पिळलं. कडप्पा चुनखडीचा, त्याची तकाकी आंबटाने जाते. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. दुकानदाराच्या चेहऱ्यावर मात्र लगेच परिणाम दिसला.

मग आला त्रिकोण. ‘‘शेगडी, सिंक आणि फ्रिज. या तिघांमधली अंतरं मिळून १३ फुटांच्या आत नकोत, २६ च्या वर नकोत. १९४० च्या दशकात अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठात अभ्यास झालाय यावर.’’ आमचं स्वयंपाकघर आठ बाय सात. त्या विद्यापीठातल्या कुणीही पुण्यातला बिल्डर पाहिलेला नसावा. शेवटी फ्रिज बाहेरच्या खोलीत सरकवला तेव्हा त्रिकोण नियमात बसला, फक्त त्याच्या एका बाजूच्या मधोमध भिंत आली.

वायरमनने भिंतीला झिऱ्या मारून पाइप टाकले, तेव्हा काकांनी काम थांबवलं. ‘‘बुजवायच्या आधी फोटो काढा. उद्या खिळा ठोकताना कुठून काय गेलंय ते तुमच्या लक्षात राहणार नाही.’’ सल्ला लाखमोलाचा होता. मापासाठी टेप धरायला तेच उभे राहिले, त्यामुळे माझ्या फोनमध्ये आता आमच्या प्रत्येक भिंतीबरोबर काकांचा अंगठा आहे.

ओट्याची वेळ आली. डिझायनरने भिंत मोजली होती, सुताराने ट्रॉल्या मोजल्या होत्या, चिमणीवाल्याने शेगडीपासूनची उंची मोजली होती. काकांनी माझ्या बायकोला हाक मारली. ‘‘सूनबाई, इकडे ये. घरात चपला घालतेस का? नाही? मग सरळ उभी राहा. हात कोपरात वाकव.’’ जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली, त्यातून चार-पाच इंच वजा केले आणि मिस्त्रीला ऐकवलं, ‘‘३१. चौतीस-बिवतीस काही नाही.’’ मिस्त्री म्हणाला, सगळीकडे चौतीसच करतात. काका एकदम चिडले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, बद्द फरशीवरसुद्धा नाही.

तेवढ्यात काकू त्यांना जेवायला बोलवायला आल्या. चार फूट दहा इंच उंची, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. टेपकडे बघून म्हणाल्या, ‘‘स्वतःच्या घरी मोजलं असतंत हे कोपर. आमचा चौतीस. कॅटलॉगमध्ये होता ना तसा! तेव्हापासून मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. फोडा म्हटलं तर म्हणतात, एकही फरशी बद्द नाही, फोडायचा कसा?’’

काका खिडकीच्या चौकटीवर रुपया वाजवत राहिले. चौकट अ‍ॅल्युमिनियमची, तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

नंतर बायकोने इमारतीत चौकशी केली. ज्या ज्या घरी काकांनी नाक खुपसलं, तिथे फरशी, प्लाय, त्रिकोण हा सगळा तमाशा झालाच; पण प्रत्येक घरी त्यांनी बाईचं कोपर मोजलं होतं. ए-चारमध्ये आजी आणि सून यांच्या उंचीत बराच फरक, तर तिथे ओट्याचा एक कोपरा वेगळा खाली उतरवून घेतलाय. बाकीच्यांना हे चक्रमपणाचं वाटलं. मलाही परवापर्यंत वाटत होतं.

ओटा झाला. काकू बघायला आल्या, हात टेकवून उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता आमची मेथीची जुडी निवडून, चिरून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी भिजवलेल्या कणकेची परात घेऊनच खाली उतरल्या. आता रोज संध्याकाळी त्या आमच्याकडे लाटतात, आमच्याच शेगडीवर भाजतात, आणि काका डबा न्यायला येतात. पाइप गॅसचं बिल दुपटीकडे निघालंय. ते वर पाठवू का, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘‘भरा गुपचूप. तुमच्या पोळ्यापण त्याच लाटतात.’’