परभणी मोती, डबल एक्सेल

आमच्या परभणीत बाईचं माप तीन ठिकाणी घेतात: टेलरकडे, दवाखान्यात आणि लग्नाच्या मांडवात. टेलरला टेप लागतो, दवाखान्याला वजनकाटा लागतो. मांडवात काहीच लागत नाही. गंगाखेडची मावशी अक्षता मुठीत धरून लांबूनच न्याहाळते आणि मंगलाष्टकं संपायच्या आत निकाल लावते. "कामून गं इतकी वाळलीस?" नाही तर, "चांगलीच सुटायलीस की!" मधला निकाल नाही. "होतीस तश्शीच आहेस बघ," असं आमच्या खानदानात कुणी कुणाला म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हीच मावशी भाचीसाठी स्थळ बघायला निघाली की अख्खा जिल्हा मध्यम होतो. मुलगी सेलूची असो की सोनपेठची, काटकुळी असो नाही तर खात्यापित्या घरची, बायोडेटावर ओळ एकच: रंग गव्हाळ, बांधा मध्यम. वधुवर मेळाव्याच्या पुस्तिकेत मी दुसरा बांधा पाहिलेला नाही. हा मध्यम बांधा नेमका किती इंचांचा, हे साखरपुड्याचं ब्लाऊज शिवायला टाकेपर्यंत कुणी विचारत नाही.

बाजारातल्या लेडीज टेलरांची पद्धत अशी की मास्टर टेप धरतो, आकडा मोठ्यानं पुकारतो आणि कोपऱ्यातला पोरगा वहीत लिहितो. "छाती चालीस! कमर अडतीस! दंड चौदा!" बाकड्यावर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बाया मन लावून ऐकतात, आणि त्यांतली एक तरी नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाची बायको निघतेच. एकदा एका बाईंनी धीर करून म्हटलं, "मास्टर, जरा हळू बोला ना." मास्टर शांतपणे म्हणाले, "भाभी, धीरे बोल्या तो ये पोट्टा कम लिखता. फिर तकलीफ आपकुच होती." बाईंनी क्षणभर विचार केला आणि कमरेचा आकडा स्वतःच पुन्हा एकदा सांगितला, खणखणीत.

मी गल्लीतल्या टेलरताईंकडे जाते. त्या टेपला हातही लावत नाहीत. "मापाचं आणलंय का?" एवढंच विचारतात. मापाचं म्हणजे घरातलं ते एकमेव ब्लाऊज, जे कधी काळी बरोबर बसलं होतं. पॅरिसजवळ सेव्र इथं १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमची एक पट्टी जपून ठेवली आहे. जगातला मीटर म्हणजे ती पट्टी, असं बरीच वर्षं चाललं. १९६० साली शास्त्रज्ञांनी ती बाजूला सारून मीटर प्रकाशाच्या लहरींवर मोजायचा ठरवला, १९८३ साली प्रकाशाच्या वेगावर. माझं मापाचं ब्लाऊज मात्र अजून तेच आहे. ते लेकीच्या बारशाला शिवलेलं, आणि लेक आता नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. टेलरताई त्यावरून नवं बेततात, नवं अर्थातच बारशाच्या मापाचं येतं, मी म्हणते, "ताई, दंडात बसना गेलंय," त्या म्हणतात, "मापाचंच तसं हाय की वो." आत दोन-दोन बोटं माया ठेवा, असं मी दर खेपेला बजावते. ठेवतात बिचाऱ्या. पहिल्या महिन्यातच ती उसवायची वेळ येते.

माझ्या जिंतूरच्या आजीला हा त्रास नव्हता. नऊवारी लुगडं आणि वर खणाची चोळी, तीही घरीच हातानं शिवलेली, पुढून गाठ मारायची. पुरणाच्या दिवशी गाठ जरा सैल, एकादशीला जरा आवळून. लग्नातलं लुगडं ती सगळी बाळंतपणं झाल्यावरही नेसत होती. अंग भरलं की निऱ्या कमी पडायच्या, वाळलं की जास्त, लुगड्याची काही तक्रार नसे. तिकडे बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डच्या मागावर खण विणला जायचा तेव्हा तो कुणाच्या अंगाला लागणार हे विणकराला ठाऊक नसायचं, आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. पुढं झंपर आलं, झंपराला हूक आले आणि हुकांबरोबर आकडे आले. बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस. सदतीसचं झंपर कुणी विकत नाही. मला भेटलेल्या बाया मात्र सगळ्या सदतीसच्या आहेत.

आकड्यांमागून अक्षरं आली. कापूस आमच्या मानवत-सेलूच्या बाजारातून जातो आणि कुठून कुठून फिरून कुर्ती होऊन परत येतो तेव्हा त्याच्या मानेवर एक अक्षर असतं. थंडीच्या शेवटाला तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, तिथल्या कापडाच्या गाळ्यांवर तर विचारायचीही सोय नाही. पोरगा लांबूनच ओरडतो, "या ताई, डबल आहे तुमच्यासाठी!" हाक एकीलाच असली तरी चार जणी वळून बघतात. एका दुकानात मी एल असते, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले की डबल एक्सेल होते. मध्ये मी फक्त उसाचा रस प्यायलेली असते, तोही हाफ.

लेक मोबाइलवरून मागवते. तिथं तक्ता असतो आणि तक्त्याशेजारी उभ्या असलेल्या मुलीची उंची पाच फूट नऊ इंच असल्याची माहितीही असते. तेवढ्या उंचीच्या आमच्या घरात दोनच गोष्टी आहेत, फ्रीज आणि माझा दीर. त्यातून काहीच जमलं नाही तर शेवटचा आधार फ्री साइज गाऊनचा. त्यात मी मावते, माझी जाऊ मावते, आणि दुधवाल्यानं बेल वाजवली की वरून घाईनं घेतलेली ओढणीही मावते. लांबी मात्र त्या पाच फूट नऊवालीचीच असते. घरातली फरशी मी गाऊननंच पुसते म्हटलं तरी चालेल.

ही रेडिमेडची मापं आली कुठून, याचा शोध घेत गेलं की वाट अमेरिकेच्या कृषी खात्यात जाते. हो, कृषी खात्यातच. १९३९-४० साली रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी या खात्यासाठी सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची एकोणसाठ. हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. त्यातून रडतखडत १९५८ साली सरकारी प्रमाण मापं निघाली आणि १९८३ साली सरकारनं ती गुंडाळून ठेवली. त्यानंतर ज्याचा त्याचा एल. मला वाटतं, ती एकोणसाठ मापं घेताना कुणीतरी मोठ्यानं पुकारणारा मास्टर ठेवायला हवा होता.

त्याच देशातली दुसरी गोष्ट तर आमच्या महिला मंडळानं ऐकावी अशी. रॉबर्ट डिकिन्सन नावाचे डॉक्टर आणि एब्रॅम बेल्स्की नावाचे शिल्पकार यांनी हजारो तरुण बायकांच्या मापांची सरासरी काढून एक पुतळा घडवला. नाव ठेवलं नॉर्मा. १९४५ साली क्लीव्हलँडच्या एका वर्तमानपत्रानं स्पर्धा जाहीर केली: जिची मापं नॉर्माशी जुळतील ती जिंकली. साडेतीन हजारांहून जास्त बायकांनी मापं पाठवली. सगळ्या मापांत जुळणारी एकही निघाली नाही! शेवटी थिएटरात तिकिटं देणाऱ्या मार्था स्किडमोर नावाच्या तरुणीला, त्यातल्या त्यात जवळची म्हणून, बक्षीस दिलं. आपल्याकडे नवरात्रात मंडळाच्या स्पर्धेला बक्षीस पैठणीचं असतं हे केवढं शहाणपण आहे. विजेती कोण हे ठरायच्या आधीच पैठणी सगळ्यांना बसते.

सरासरीचा हिशेब मला घरबसल्या कळलेला आहे. माझी जाऊ पाप्याचं पितर आणि मी अशी. आम्हा दोघींची सरासरी काढली तर एक फार शोभिवंत बाई तयार होते, फक्त ती आमच्या घरात राहत नाही. देशाचंही तसंच दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी १८.७ टक्के जणींचं वजन हवं त्यापेक्षा कमी निघालं आणि २४ टक्के जणींचं जास्त. एकीला घास मिळत नाही, दुसरीला चालायला सवड मिळत नाही, आणि हिशेबनीस दोघींची बेरीज करून दोननं भागतो. वेचणीला जाणाऱ्या बाईच्या झंपराचा गळा खांद्यावरून घसरतो तो काही फॅशन म्हणून नाही.

मोठ्यांचं जाऊ द्या. २०२४ साली राज्यानं पहिली ते आठवीच्या मुलांसाठी "एक राज्य, एक गणवेश" काढला, बचतगटांच्या बायांना शिलाई दिली. गणवेश उशिरा पोचले, मापाच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर सरेपर्यंत काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचं ठरलं. चौथीतली दोन पोरं शेजारी उभी करून बघितली असती तर एवढा कागद वाया गेला नसता.

परभणीत तर मोजणाऱ्यांची वाण नाही, याचंच मला जास्त लागतं. १९७२ पासून आमच्याकडे कृषी विद्यापीठ आहे. परभणीच्या नावाची भेंडी आहे, "परभणी क्रांती". ज्वारी आहे, "परभणी मोती". देशी कपाशी आहे, "परभणी तुराब". यांतल्या प्रत्येकीची उंची किती, फुलोरा कितव्या दिवशी, वजन किती, हे सगळं पद्धतशीर नोंदलेलं आहे. भेंडीला कुणी डबल एक्सेल म्हणत नाही; तिचं माप सेंटिमीटरमध्ये असतं आणि त्याचं कौतुकही होतं. आता त्याच ज्वारीच्या भाकरी थापून थापून आमचे दंड जे काही झालेत, ते झालेत. पण त्या दंडाची नोंद कुठेही नाही. विद्यापीठाच्या आवारात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, जुनी माणसं अजून होम सायन्सच म्हणतात, आणि तिथं वस्त्रशास्त्रही शिकवतात. मी तिथल्या प्रवेशद्वारावरून जाताना नेहमी रिक्षा हळू करायला लावते. म्हटलं, बघितलं कुणी तर बघू दे.

शेतकरी बाईचं अंग मात्र एका कामासाठी मोजून झालंय. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं शेतात राबणाऱ्या बायाबापड्यांची अंगमापं घेतली, एकोणऐंशी प्रकारची, कशासाठी तर अवजारं त्यांच्या हाताला नीट बसावीत. काम चांगलंच झालं. खुरप्याची मूठ आता बाईच्या मुठीचा विचार करते. कुर्ती करत नाही. मुंढ्यात काचलेली बाही घेऊन दिवसभर खुरपत बसायचं, पण खुरपं कसं अगदी मापात! टेलरताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बनी तो बनी, नहीं तो परभणी."

आणि २०१८ साली बातमी आली की निफ्ट ही संस्था आता भारतीय अंगाची भारतीय मापं ठरवणार. पंचवीस हजार माणसं, पंधरा ते पासष्ट वयाची, सहा शहरांत, थ्रीडी मशीनमध्ये उभी करून मोजायची. टेप नाही, हात लावणं नाही, पुकारणं नाही. शहरांत मुंबई, दिल्ली, कोलकाता होतं, पार शिलाँगसुद्धा होतं. आमच्या वाट्याला मुंबई. इथून रात्रभराचा प्रवास करून गेलेल्या बाईचं पायांना सूज आलेलं माप घेऊन ते काय करणार, देव जाणे.

ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलताना मी ही बातमी मोठ्यानं सांगितली आणि समजा ते मशीन इकडं यायचं झालं तर कधी बोलवावं, असं विचारलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चैत्रात नको, लग्नसराई असती." उन्हाळ्यात आमरस. आखाडात तळण. श्रावणात उपास म्हणजे साबुदाणा, त्यानं तर माणूस दुप्पट फुगतो. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या आणि पुरण. नवरात्रात जरा वाळतो म्हणावं तर पुढं दिवाळी उभी. वेळ अमावस्येला भज्जी-भाकरी, मग हुरडा, मग संक्रांतीच्या गूळपोळ्या. हुरड्याला तर कुणी आपलं माप देऊच नये यावर एकमत झालं. टेलरताई म्हणाल्या, "अधिकात बोलवा. तीन वर्षांची सवड भेटती." काकू म्हणाल्या, "अधिकात जावयाला धोंडे असतात."

माझी जाऊ तोवर गप्प होती. सोललेले दाणे ताटात लोटत तिनं विचारलं, "आणि मोजून झाल्यावर काही देतात का वो?"

"देतील की, ओटीला ब्लाऊजपीस," मी म्हटलं.

"ऐंशी सेंटिमीटरचा का मीटरचा?"

"ते काही सांगितलेलं नाही."

"ऐंशीचा असंल तर आधीच विचारून घ्या," ती म्हणाली, "मला पुरतो, तुम्हाला पुरत नाही. मग तुमचा बी मलाच द्यायचा."