कोथिंबिरीची दुसरी जुडी

रविवारी मी कमालीची शहाणी असते. सकाळी मंडईतून मेथी, कोथिंबीर, पावकिलो गवार. दुपारी फ्रिजच्या दारावर आठवड्याचा तक्ता. सोमवार मेथी, मंगळवार गवार, बुधवार मटकीची उसळ. तक्ता इतका देखणा, की ऑफिसातल्या साहेबांनी न वाचताच सही केली असती.

सोमवारी त्याच साहेबांच्या ‘फक्त पाच मिनिटं’मुळे ६:१२ची लोकल हुकते. डोंबिवलीला उतरेपर्यंत मेथीची खिचडी झालेली असते, म्हणजे मेथीवाचूनची खिचडी. मंगळवारी रात्री दहाला लेकाला आठवतं, उद्या शाळेत ज्वालामुखी न्यायचाय. गुरुवारी नवरा कोथिंबिरीची आणखी एक जुडी आणतो. ‘स्वस्त होती गं!’ शुक्रवारी पहिली जुडी पिशवीच्या तळाशी सापडते, हिरवं पाणी होऊन.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालाचा अंदाज असा, की भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, साली-देठांसकट. आम्ही चौघं, म्हणजे २२० किलो. त्यात आमची कोथिंबीर किती, हे मी मोजलेलं नाही.

सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी कणभर वाया जात नसे.’ खरंच आहे. कालची पोळी, तळाची आमटी, खरवडलेला भात, सगळं शेवटी एकच बाई संपवायची. ती किती वाया गेली, याचा रकाना मात्र कुठल्याच अहवालात नाही.