बालभोजन कार्यपद्धती (उपनगरी आवृत्ती)

प्रस्तुत कार्यपद्धती अंधेरी, घाटकोपर, मुलुंड व बोरिवली येथील ज्या घरांत एक ते तीन वर्षे वयाची शाकाहारी व्यक्ती राहते, त्या घरांतील उर्वरित रहिवाशांसाठी आहे. आपण शाकाहारी असल्याचे सदर व्यक्तीने लेखी दिलेले नाही. तिने आजवर चप्पल, रविवारची पुरवणी आणि निदान एक मुंगी चाखलेली आहे. परंतु घर शाकाहारी आहे, सोसायटी घराहूनही शाकाहारी आहे, आणि समोरच्या दारातून रोज थेपल्यांचा वास येतो. सबब अंड्याचा विषय इथेच मिटला.

भरवायला बसण्यापूर्वी माणसे मोजावीत. एका वाटीमागे एकच माणूस असावा. प्रत्यक्षात आई चमचा धरते, आजी तो कसा धरावा हे सांगतात, बाबा तोंडाने विमानाचा आवाज काढतात आणि दुसऱ्या आजी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर "अगं, तूप कमी दिसतंय" असा शेरा मारतात. (तुपाबाबत साताऱ्याचे बरोबर आहे. पोट लहान आणि वाढ दांडगी, त्यामुळे घासात स्निग्ध काहीतरी हवेच. आईचे डाएट आईच्या ताटातच राहू द्यावे.) बाकीच्यांना कामे वाटून द्यावीत. बाबांनी फडके धरावे.

जागा शक्यतो जमिनीवरची निवडावी, कारण अन्न शेवटी तिथेच येते. खिडकीत बसवून चिऊचा घास, काऊचा घास करण्याची पद्धत चांगली असली तरी ग्रिलवर हल्ली चिमणी क्वचित आणि कबुतर बारमाही. कबुतराच्या नावाने भरवलेला घासही अंगी लागतो. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि मार्गालगतच्या घरांना नवीच युक्ती सापडली: एका गाडीला एक घास. मात्र गाड्या चार-पाच मिनिटांनी येतात, म्हणजे वाटीभर खिचडीला दीड तास धरावा. मोबाइल दाखवला की काम पाच मिनिटांत होते, हे खरे. पण तेव्हा मूल खात नसते, त्याच्या तोंडात अन्न जात असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे की वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन वर्षांनंतर दिवसातून फार तर तासभर. हा तासभर जेवणाच्याच वेळी वापरावा असे तिथे कुठेही लिहिलेले नाही.

आता लोह. इथे आवाज थोडा खाली आणावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ही मुले दुसरीकडची असणार, अशी समजूत टॉवरच्या सर्व मजल्यांवर प्रचलित आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह लागते. पालकाची भाजी खाल्ली की ते मिळाले, असे समजू नये. पालकातले लोह पुरते शोषले जात नाही, आणि एकूणच डाळी-भाज्यांतले लोह आळशी असते. त्याला क जीवनसत्त्वाने मागून ढकलावे लागते. ही सोय आपल्या पानात आधीपासूनच आहे. पोह्यांवर लिंबू, वरणभातावर लिंबू, मेतकूट-भाताच्या शेजारी लिंबाची फोड. ती फोड सजावटीची समजून ताटासोबत बेसिनमध्ये जाते. ती पिळावी. आमटीतले आमसूल किंवा चिंच चवीला उत्तम, पण या कामी लिंबू, आवळा, पेरू, संत्रे.

मटकी-मुगाला मोड आणावेत. लोह अडवून धरणारे फायटेट मोड आल्यावर कमी होते. मग मऊ शिजवून चमच्याने ठेचावीत. माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढावी. टोमॅटोची आंबट भाजी तिच्यात शिजवली की थोडे लोह कढईसुद्धा देते. भाजी जरा काळपट होते, पण त्याबद्दल मूल बोलत नाही, बाबा बोलतात. बाळंतिणीचे लाडू संपल्यावर घरातून हद्दपार झालेल्या अळिवांनाही परत बोलवावे. आणि आजोबांच्या बशीतला घोटभर चहा, जो "काही होत नाही, आम्ही नाही का प्यायलो" या मंत्रासह पाजला जातो, तो थांबवावा. चहा लोहाचा रस्ता अडवतो. आजोबांना हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या मुलाने घ्यावी, सुनेवर टाकू नये.

दुधाचे प्रकरण नाजूक आहे. "जेवला नाही, पण दूध पिऊन झोपला" हे वाक्य उपनगरात रोज रात्री साडेदहाला उच्चारले जाते आणि त्यावर सगळे घर निश्चिंत झोपते. उद्याही तो जेवणार नाही, कारण दूध मिळते हे त्याला आज कळले आहे. फार दूध पिणारे मूल पोट भरल्यामुळे जेवत नाही, शिवाय दूध लोहाच्या शोषणाआड येते. दारात येणारी अर्ध्या लिटरची पिशवी ही एका मुलाची दिवसाची कमाल मर्यादा समजावी, लक्ष्य समजू नये. दूध बंद मात्र करू नये. बी १२ जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसते. अंडेही न खाणाऱ्या घरात ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतूनच येते. जी घरे दूधही घेत नाहीत, त्यांनी बी १२ साठी डॉक्टरांना गाठावे.

प्रथिनांची काळजी बहुधा लोखंडवालातल्या जिमला जाणारे बाबा करतात. त्यांच्या डब्यातली पावडर त्यांनाच राहू द्यावी. बारा किलोच्या मुलाला दिवसाकाठी बारा-एक ग्रॅम प्रथिने पुरतात. कपभर दूध आणि वाटीभर घट्ट वरण यांत बराचसा हिशेब मिटतो. मुख्य शब्द घट्ट. वरणाचे वरचे पाणी काढून "पौष्टिक पाणी" म्हणून पाजण्याची चाल मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सर्वत्र आहे. डाळ खाली राहते, ती मोठी माणसे खातात. चमचा उलटा केल्यावर जे लगेच पडत नाही, ते वरण. नाचणीबद्दल वेगळे सांगायला नको; शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळपास तिप्पट. नाचणीचे सत्त्व, आंबील, घावन, काहीही करावे. चॉकलेटी रंगाचा गैरफायदा घेतला तरी चालेल.

मधल्या वेळचे खाणे म्हणजे बिस्किट, अशी या पट्ट्याची जुनी श्रद्धा आहे. अंधेरीहून चर्चगेटच्या गाडीत बसले की विलेपार्ल्याला डब्यात बिस्किटांचा वास शिरायचा. १९२९ साली सुरू झालेला पार्लेचा तो कारखाना २०१६ मध्ये थांबला. वास गेला, श्रद्धा राहिली. बिस्किटाला पर्याय कोरडे भाषण नसून केळे, भिजवलेल्या खजुराचा गर, लोणी लावलेले थालीपीठ, राजगिऱ्याचा लाडू कुस्करून, दही-पोहे, कूट घातलेली रताळ्याची खिचडी हे आहेत. समोरच्या बेन खाकरा देतील. घ्यावा, आणि वाटी रिकामी परत करू नये. संध्याकाळी घाटकोपरच्या खाऊ गल्लीतून मूल नेणे टाळता आले नाही तर मुलाचे तोंड मागे करून कडेवर घ्यावे. दुधात घालायच्या गोड पुडीवर उंची वाढवणाऱ्या मुलाचे चित्र असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढायला सांगितले. चित्रातला मुलगा अजून उंच आहे.

बोरन्हाणाबाबत स्वतंत्र सूचना. संक्रांतीनंतर आपण पाच वर्षांखालच्या मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतो आणि त्याच्या डोक्यावर बोरे, हरभरे, उसाचे करवे, शेंगा, गोळ्या ओततो. म्हणजे घशात अडकू शकणाऱ्या पदार्थांची यादी एखाद्या डॉक्टरने करायला घेतली तर ती इथे तयार मिळते. समारंभ जरूर करावा, फोटो काढावेत, पण वेचायला मोठ्या मुलांना सोडावे आणि सत्कारमूर्तीला चुरमुऱ्यांपेक्षा कठीण काही हाती लागू देऊ नये. एरवीही अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि मॉलमधला पॉपकॉर्न चार-पाच वर्षांपर्यंत नको. शेंगदाण्याचे कूट करावे, द्राक्ष उभे चिरून चार तुकडे करावेत. तिळाचे मात्र स्वागत आहे, मऊ वडीतून.

एवढे करूनही मूल तोंड घट्ट मिटेल. दोडका एकदा थुंकला म्हणजे दोडका आवडत नाही, असा निकाल लगेच देऊ नये. नवी चीज आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. दरम्यान घरातल्या कोणीतरी तोच दोडका चेहरा वाकडा न करता खावा. इथे बहुतेक घरांची पंचाईत होते. पाळणाघराच्या काकूंकडे हीच व्यक्ती दोडक्यासकट डबा संपवते, कारण तिथे सात-आठ मुले एकत्र बसतात आणि कोणी विमान उडवत नाही. काय वाढायचे आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलावर सोडावे. अमेरिकेतल्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुकतेच दूध सुटलेल्या बाळांना ताटातले हवे ते निवडू दिले. बाळांनी एक दिवस एकाच पदार्थावर ताव मारला, दुसऱ्या दिवशी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि तरी ती उत्तम वाढली. हा प्रयोग सांगून मुलाला मोकळे सोडणारे पालक एक तपशील विसरतात: ताटात बिस्किट नव्हते.

शेवटी पुरावा. मूल खाते की नाही, याचा पुरावा रिकामी वाटी नव्हे, वजनाचा तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून केले आहेत आणि त्यांत दक्षिण दिल्लीची मुलेही आहेत, तेव्हा "ते परदेशी मुलांचे" हा आक्षेप टिकत नाही. मुलाची रेषा आपल्या वाटेने वर चालली असेल तर तो तक्ता फ्रिजवर चिकटवावा आणि "किती सुकलाय गं" असे कोणी म्हणताच त्याकडे बोट दाखवावे. आजी चष्मा लावतील, रेषा नीट न्याहाळतील, छान आहे म्हणतील, आणि चष्मा काढता काढता विचारतील, "पण आज जेवला का?"