आधी एक्स-रे, मग हप्ता

पारदर्शक अलाइनरने दात सरळ होतात का? होतात. कुणाचे, किती आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे मात्र मोबाइलवरच्या जाहिरातीत नसतं. नांदगावच्या माणसाला नेमकं तेच कळायला हवं.

आपल्याकडे अलाइनरची ओढ निव्वळ दिसण्यापोटी नाही. तारा लावल्या की दर चार-सहा आठवड्यांनी डॉक्टरकडे जावं लागतं. त्यासाठी नाशिक गाठायचं तर जायला सुमारे शंभर किलोमीटर आणि यायला तेवढेच. पोरीचं कॉलेज बुडतं, बापाची रोजंदारी बुडते. अलाइनरला फेऱ्या कमी, गालाला तार टोचत नाही, काढून ठेवून दात नीट घासता येतात. हे फायदे खरे आहेत. माझा विरोध अलाइनरला नाही, तोंडात न डोकावता ते विकण्याला आहे.

अलाइनर म्हणजे दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या ट्रेंचा संच; एकेक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे. समोरच्या दातांत फट असेल, थोडी दाटी असेल, तर काम चांगलं होतं. पण गोल सुळा किंवा उपदाढ जागेवर फिरवायची असेल, हिरडीत वर राहिलेला दात खाली ओढायचा असेल, तर प्लास्टिकची पकड कमी पडते. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट क्रॅव्हिट्झ आणि सहकाऱ्यांनी 2009 साली मोजून पाहिलं: संगणकाने दाखवलेल्या हालचालीपैकी सरासरी 41 टक्केच प्रत्यक्षात झाली होती. 2020च्या त्यांच्याच नव्या मोजणीत हा आकडा 50 टक्क्यांवर आला. म्हणजे निम्मे पेशंट फसले असं नव्हे. दात संगणकातल्या चित्राच्या मागे राहतात, म्हणून मधेच पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे करावे लागतात. दात मागे राहिलाय हे वेळेत ओळखणार कोण? मोबाइलवर पाठवलेला फोटो ते पुरतं सांगत नाही.

शिवाय ट्रे दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवा. घरी चहा, पाहुण्यांकडे चहा, मार्केट यार्डात चहा. प्रत्येक वेळी ट्रे काढायचा, चूळ भरायची, परत बसवायचा. ट्रे घालूनच चहा घेतला तर गरम चहाने प्लास्टिक वाकतं आणि साखर दातांशी अडकून कीड लागते. हे सगळं न सांगता ‘सहा महिन्यांत हसू बदला’ म्हणणं ही फसवणूक आहे. लग्नाची तारीख ठरली म्हणून हाडाला घाई करता येत नाही.

हाडाचंच खरं महत्त्व आहे. दात सरकतो तेव्हा एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. मिश्री लावून किंवा तंबाखू खाऊन हिरड्या सुजलेल्या, हाड खालावलेलं, अशा तोंडात आधी हिरड्यांचा इलाज न करता ट्रे बसवला तर दात सरळ होण्याऐवजी हलायला लागतील. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण तो टपरीवर मिळतोच, आणि पोरंही खातात. अशा तोंडाचा निकाल एक्स-रे पाहूनच लावायचा असतो.

घरबसल्या अलाइनर देणारी अमेरिकेतली मोठी कंपनी होती स्माइलडायरेक्टक्लब. सप्टेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये ती बंद पडली. अर्ध्या उपचारातल्या पेशंटना आपापल्या गावचा डॉक्टर शोधायला सांगितलं गेलं, हप्ते मात्र चालूच ठेवायचे होते. हे अमेरिकेत घडलं, जिथे तक्रार करायला दारं बरीच आहेत. नांदगावहून मुंबईच्या ऑफिसला फोन लावत बसणाऱ्याचं काय होईल, याचा विचार पहिला हप्ता भरण्याआधीच करा.

तेव्हा डॉक्टरला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त दात-जबडे जुळवण्याचंच शिकलेला एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट तुमचं तोंड स्वतः बघणार आहे का, हे विचारा. मधे नवे ट्रे लागले तर त्याचे पैसे कोण देणार, आणि उपचार संपल्यावर रात्री घालायचा रिटेनर किमतीत धरलाय का, हेही लिहून घ्या. रिटेनर सोडला की दात परत जुन्या जागेकडे वळतात, मग तारा असोत की अलाइनर. खर्च झेपत नसेल तर नाशिकला पंचवटीत केबीएच दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे आधी दाखवून या. तारांनी काम होत असेल तर तारा लावून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि एक्स-रे न काढता ट्रे द्यायला जो तयार असेल, त्याला एक रुपयाही देऊ नका.