यंत्राला सौजन्य, माणसाला ‘कोड वाच’
नव्या प्रोग्रामरने टूल कसं चालवायचं विचारलं, की टूल बनवणाऱ्यांकडून आजवर एकच उत्तर मिळे: ‘कोड वाच, कळेल.’ नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने एआयला टूल जोडून देणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला आणि या मौनी मंडळींना वाचा फुटली. आता एआय एजंटसाठी टूलचं नाव, वर्णन, कोणती माहिती कोणत्या साच्यात द्यायची, सारं साग्रसंगीत लिहिलं जातं. तारखेत आधी वर्ष की दिवस, टूल कधी वापरू नये, हेसुद्धा! कारण अर्धवट वर्णन वाचून एजंट बेधडक भलतंच टूल चालवतो. माणूस बिचारा रात्र जागून निभावून नेत होता. त्याच्यासाठी कोण लिहिणार? नव्याने रुजू होणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी एजंटसाठी लिहिलेली फाइल मागून घ्या. तुमच्यासाठी वेगळी निघणार नाही.