डोंगरसायकलींचा निवाडा: परीक्षकांसाठी काही सूचना

डोंगरसायकलींचे तौलनिक परीक्षण लिहू इच्छिणाऱ्या इसमाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ज्यात सायकल चालवण्याचे श्रम अल्प आणि निवाडा देण्याचा आनंद अपार, असे कार्य या भूतलावर दुसरे क्वचितच सापडेल. सबब कामास हात घालण्यापूर्वीच निकाल ठरवून टाकावा, म्हणजे पुढे पुराव्याची जमवाजमव करताना चित्त विचलित होत नाही. निकाल ठरवण्याचा शिरस्ता सोपा आहे. परीक्षकाने जी सायकल स्वतः खरेदी केली असेल आणि जिची किंमत घरात निम्मीच सांगितली असेल, ती सर्वोत्कृष्ट.

परीक्षणास इतिहासाचे अधिष्ठान हवे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्या, एका गिअरच्या सायकली डोंगरावर चढवून, दोन मैलांच्या आतबाहेर १३०० फूट खाली कोसळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर शर्यत लावली. पेडल उलटे दाबून लावायचा मागचा ब्रेक उतरता उतरता इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि तळाशी पोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे, म्हणून त्या रस्त्याचे नावच ‘रिपॅक’ पडले. हा वृत्तान्त प्रत्येक परीक्षणाच्या आरंभी द्यावा. एक रकाना बिनतक्रार भरतो. त्या मंडळींनी परीक्षण मात्र घड्याळावर केले. त्यांच्यापैकी गॅरी फिशर ४ मिनिटे २२ सेकंदांत खाली आला, विषय संपला. असला रोखठोक निकष आपण स्वीकारू नये, कारण त्याने मजकूर फारच आटोपतो.

त्यानंतर चाकांचे प्रकरण घ्यावे. २६ इंची, २७.५ इंची आणि २९ इंची अशा तीन घराण्यांत हा वाद पुष्कळ काळ चालला. त्यात मधले घराणे हा सुवर्णमध्य होय असे विद्वत्तापूर्वक प्रतिपादन करण्याची चाल आहे. रिमची मापे पाहू जाता २६ ची ५५९, २७.५ ची ५८४ आणि २९ ची ६२२ मिलिमीटर भरतात, म्हणजे हा मध्य धाकट्यापासून २५ आणि थोरल्यापासून ३८ मिलिमीटर दूर, घरजावयासारखा एकाच बाजूला सरकून बसलेला आहे. ही रुजुवात वाचकासमोर मांडू नये. मोठे चाक खड्डेदगड सुखाने ओलांडते हे खरे. पण बुटक्या स्वाराने तीव्र उतारावर खोगिरामागे सरकताच ते मागून विजारीस स्पर्श करते, हेही तितकेच खरे, आणि हा दुसरा अनुभव परीक्षणात येत नाही, कारण परीक्षक बहुधा उंच असतात.

मार्गांची प्रतवारी मिलिमीटरांत करावी. क्रॉसकंट्रीस पुढच्या फोर्कचा दबण्याचा प्रवास १०० ते १२०, ट्रेलला १३० ते १५०, एन्ड्युरोस १६० ते १७० आणि निव्वळ डोंगर उतरणाऱ्या डाउनहिलला २००, असा हा सरंजाम आहे. पुण्यातील बहुतेक वाचकांचा डोंगर म्हणजे वेताळ टेकडी: मुरूम, मुरुमातून डोके काढणारा कातळ, बाभळीचे काटे, आणि वळणावर अकस्मात समोर येणारे, हातात काठी आणि मुखात राजकारण असलेले निवृत्त गृहस्थ. या कामास मागे शॉकअप नसलेली, पुढे १०० ते १२० मिलिमीटरांची सायकल पुरून उरते. काट्यांचा बंदोबस्त म्हणून टायर ट्यूबलेस करून आत सीलंट घातले की काम झाले. म्हणूनच परीक्षकाने १६० मिलिमीटरांची शिफारस करावी. चढावर ती सायकल जेव्हा खांद्यावर घ्यावी लागते, तेव्हा तिच्या बांधणीचे बारकावे जवळून न्याहाळता येतात.

शब्दयोजना जपून करावी. वळवता न येणाऱ्या सायकलीस ‘स्थिर’ म्हणावे, जागेवर न ठरणारीस ‘खेळकर’. स्वतःचे वजन तर चुकूनही जाहीर करू नये. हवेच्या फोर्कमध्ये स्वार नुसता बसला असता चतुर्थांशाच्या आसपास दबेल इतकी हवा भरायची असते, आणि साठ किलोंच्या परीक्षकासाठी भरलेल्या हवेवर नव्वद किलोंचे वाचक बसले तर फोर्क पहिल्याच खड्ड्यात लोटांगण घालतो. पण वाचक हा दोष स्वतःच्या देहाला देतात, परीक्षणाला देत नाहीत, ही त्यांची थोरवी आहे.

प्रस्तुत लेखकाने एकदा दोन सायकलींचा मुकाबला टेकडीवरील खाणीकडच्या उतारावर लावला होता. पहिली दगडांवरून पाण्यासारखी वाहिली. दुसरी इतकी आडमुठी निघाली की मनगटे बधिर झाली आणि दाढेत भरलेले सिमेंट जिभेवर आले. त्या रात्री तिच्या फोर्कवर चार पाने लिहिली. ‘संवेदनशून्य’ हा शब्द त्यांत तीनदा होता. दुसऱ्या दिवशी सायकल न्यायला तिचा तरुण मालक आला. त्याने फोर्कच्या उजव्या खांद्यावरची निळी कळ हळूच फिरवली, पुढचे टायर अंगठ्याने दाबले, आणि अत्यंत आदराने विचारले, “काका, लॉक करूनच उतरलात का?” ती कळ चढावर फोर्क ताठ ठेवण्याकरिता असते. मापक लावले तेव्हा टायरमध्ये ४५ पीएसआय हवा निघाली. पहिल्या सायकलीत २४ होती. म्हणजे निवाडा एका कळीचा आणि पंपाचा झाला होता. चार पाने रद्द करणे मात्र जिवावर आले, कारण शब्द चांगले होते. पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच एका सायकलीस लावली आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

तेव्हापासून दोन्ही सायकलींत समान हवा भरावी, एकाच उतारावरून क्रम उलटून पुन्हा उतरावे आणि मगच लेखणी उचलावी, अशा नतद्रष्ट विचारांनी मला अधूनमधून घेरले आहे. परंतु हवेचे ते मापक टेकडीवर एका गृहस्थांनी पाच मिनिटांकरिता मागून नेले, त्यास आता सात महिने होत आले. निळी टोपी, पांढरी दाढी, मागे शॉकअप असलेली लाल सायकल. त्यांच्या वाचनात हा लेख आल्यास त्यांनी ते देवळाशेजारच्या चहावाल्याकडे ठेवावे.