निळ्या पाण्याचे वैद्य

पाण्याचीही तब्येत बिघडते, हे मला बंगळुरूच्या येलहंक्याला ताईकडे राहायला गेल्यावर कळलं. घरामागे नातवंडांसाठी हौसेनं बांधलेला छोटा स्विमिंग पूल आहे. नातवंडं परदेशात, ताईला पाण्याची भीती आणि भाऊजींना पोहता येत नाही. तरी रोज सकाळी, चहाच्याही आधी, भाऊजी काठाशी उकिडवे बसतात, नळीत पाणी घेऊन फिनॉल रेडचे थेंब टाकतात आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या गांभीर्यानं ती नळी कोवळ्या उन्हात धरतात. रंग पिवळा आला तर पाणी आंबटाकडे झुकलं, गडद गुलाबी आला तर अल्कलीकडे. त्यांना हवा असतो मधला, नारिंगी-लाल. म्हणजे पीएच 7.2 ते 7.8. पीएचचं हे माप सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे चक्क बिअरवाल्यांच्या घरी, शोधून काढलं. भाऊजी ते एकादशीलाही वापरतात.

बोअरचं पाणी जड, फरशांवर पांढरी पुटं चढवणारं. त्यात ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून सायन्युरिक आम्लाची छत्री धरायची. छत्री फार मोठी झाली की क्लोरीनच आळसावतं. पीएच वाढला तरी तेच, क्लोरीन असून नसल्यासारखं. पण मला खरी गंमत वाटली ती वासाची. लहानपणी गावच्या विहिरीत पावसाळ्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडली की चहालाही तो उग्र दर्प यायचा, आणि पंचायतीचा माणूस क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टच्या नळीतला पिवळा रंग आम्हा पोरांना कौतुकानं दाखवायचा. तो दर्प म्हणजेच स्वच्छता, असं मनात पक्कं बसलं होतं. भाऊजी म्हणाले, "अहो, पूलला असा भपकारा आला तर समजा, क्लोरीन घाम-मुताशी झुंजून थकलंय. आणखी घालायला हवं." निरोगी पूलला जवळजवळ वासच नसतो. इतकी वर्षं आपण दमलेल्या क्लोरीनला टवटवीत समजत होतो!

2024 च्या मार्चमध्ये बंगळुरूत पाण्याचा दुष्काळ पडला. पिण्याचं पाणी पूलमध्ये वापरल्यास 5,000 रुपये दंड, असा जलमंडळाचा हुकूम निघाला. ज्या शहराला कावेरी शंभरेक किलोमीटरवरून उपसून वर चढवावी लागते, तिथे तो योग्यच होता. भाऊजींनी नवा थेंब घेतला नाही. जुन्याच पाण्याची शुश्रूषा वाढवली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्यांचं हे सगळं रसायनशास्त्र म्हणजे पाणी ओतून न देण्याचा हट्ट आहे. एअरो इंडिया या विमान-प्रदर्शनाच्या दिवसांत जवळच्या हवाई तळावरून विमानं घर हादरवत जातात, सारी गल्ली गच्चीवर धावते. भाऊजी मात्र खाली थेंब मोजत असतात. ताई वरून ओरडते, "अहो, बघा तरी!" ते हात वर करतात, मान नाही.

अशा कुणाच्या पूलमध्ये उतरायचा योग आला, तर आधी अंगावर चार तांबे पाणी घ्या, आणि डोक्याला तेल असेल तर शिकेकाई लावून या. काठावरच्या माणसाची निम्मी सकाळ वाचेल.